पहिला रुग्ण, बँकेतील रोखपाल : स्वमग्न व्यक्तींच्या रोजगाराचा इतिहास

१.
ऑक्टोबर १९३८. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांच्यासमोर पाच वर्षांचा एक मुलगा आणला गेला. त्याच्या आधी त्याच्या वडिलांचे ३३ पानी टंकलिखित पत्र तेथे पोहोचले होते. मुलगा एकटा असला की सर्वांत आनंदी असतो, वस्तू गरागरा फिरवत बसतो, पाठांतर विलक्षण आहे, परंतु आईवडील आले-गेले याची त्याला दखल नसते, असे त्या पत्रात लिहिले होते. हा मुलगा पुढे वीस वर्षांनी बँकेत नोकरीला लागला आणि उर्वरित आयुष्य त्याच बँकेशी जोडलेला राहिला. ती नोकरी त्याला कशी मिळाली आणि त्याच्यासारख्या इतरांना का मिळाली नाही, त्याची ही हकिकत. (दीर्घ थ्रेड)

२.
मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा. १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्यात पहिला क्रमांक डोनाल्डचा होता. 'ऑटिझम' हा शब्द मूळचा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा. 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो त्यांनी घडवला. कॅनर यांनी तो या मुलांना लावला. मराठीत त्यासाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला. आज स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणा मानला जातो. संवाद, सामाजिक संकेत, आवाज-प्रकाश यांची संवेदना आणि ठरावीकपणाची ओढ या सर्वांत हे वेगळेपण दिसते, आणि प्रत्येक व्यक्तीत निराळ्या प्रमाणात दिसते.

३.
कॅनर यांच्याकडे येण्यापूर्वी डोनाल्डच्या आयुष्यात एक काळे वर्ष येऊन गेले होते. त्या काळी अशा मुलांना संस्थेत ठेवून विसरून जावे, असा सल्ला डॉक्टर आईवडिलांना देत असत. १९३७ साली, वयाची चार वर्षेही पुरी झाली नसताना, डोनाल्डला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. ती संस्था होती क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी. तेथे तो गप्प, निश्चल होत गेला. वर्षभराने आईवडिलांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून त्याला घरी आणले. त्या एका निर्णयाने पुढच्या सर्व गोष्टींना वाट मोकळी झाली.

४.
१९४२ मध्ये आईवडिलांनी आणखी एक निराळा प्रयोग केला. गावापासून सुमारे १६ किलोमीटरवर कुळाने शेती करणारे एक दांपत्य राहत असे. डोनाल्डला त्यांच्याकडे ठेवण्यात आले. १९४५ च्या मे महिन्यात कॅनर स्वतः ते शेत पाहावयास गेले. तेथे जे पाहिले त्याने ते थक्क झाले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या दांपत्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती की विशेष शिक्षणाचा अनुभव नव्हता. त्यांच्याकडे होती ती मुलाकडे शांतपणे पाहण्याची दृष्टी.

५.
डोनाल्डला मोजमापांचा नाद होता. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते मोजून सांगण्याचे काम दिले. तो मेलेले पक्षी नि किडे गोळा करी. त्यांनी त्याला शेतात 'दफनभूमी'साठी जागा नेमून दिली. तेथे तो प्रत्येक जिवाच्या नावाची, मृत्यूच्या तारखेसह पाटी लावू लागला. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला सांगितले. कॅनर यांच्या डोळ्यांदेखत त्या मुलाने सहा लांब ओळी नांगरल्या. घोडा आणि नांगर तो सफाईने हाताळत होता, ओळीच्या टोकाशी घोडा वळवत होता.

६.
या हकिकतीतील मर्म सूक्ष्म आहे. त्या दांपत्याने मुलाचा नाद मोडून काढला नाही, आणि त्याला नुसते मोकाट सोडले असेही नाही. नादाला त्यांनी कामाचा आकार दिला. मोजणे तेच राहिले. पण मोजण्यातून विहीर झाली, शेत नांगरले गेले. पुढील पन्नास-साठ वर्षांत विद्यापीठांनी आणि रुग्णालयांनी जे तंत्र शोधून, तपासून, ग्रंथबद्ध केले, त्याचे बीज या कुळाच्या शेतात दिसते. मात्र ते बीज तेव्हा कोणी उचलले नाही.

७.
डोनाल्ड जवळच्या खेड्यातील शाळेत जाऊ लागला. त्याच्या विक्षिप्तपणाची तेथे कोणाला अडचण वाटली नाही. पुढे माध्यमिक शिक्षण, मग जॅक्सन शहरातील मिलसॅप्स महाविद्यालय, आणि १९५८ साली फ्रेंच विषयातील पदवी. त्याच वर्षी तो 'बँक ऑफ फॉरेस्ट'मध्ये रुजू झाला. हिशेबाच्या वह्या आणि रोखपालाची खिडकी ही त्याची कामे. संभाषणात तो तुटक बोले, लोकांना नावाऐवजी आकड्यांनी ओळखे, दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार क्षणात सांगे. गावाला या साऱ्याची सवय झाली होती. तो गोल्फ खेळे, मोटार चालवी, आणि एकट्याने देशोदेशीचा प्रवास करून येई.

८.
येथवर ही कथा सुखान्त वाटते. तथापि तिच्यातील एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ती बँक डोनाल्डच्या आजोळची होती. त्याच्या आजोबांनी ती स्थापन केली होती. वडील गावातील नामवंत वकील. वर्णभेदाने विभागलेल्या त्या काळच्या मिसिसिपीत हे कुटुंब गोरे, सधन आणि प्रतिष्ठित होते. बाल्टिमोरपर्यंतचा प्रवास, शेतावरची व्यवस्था, महाविद्यालय आणि अखेरीस नोकरी, या सर्व पायऱ्या त्याला चढता आल्या त्या गावाच्या समंजसपणामुळे आणि घराण्याच्या बळावरही. ज्या मुलाच्या आजोबांची बँक नव्हती, त्याचे काय झाले?

९.
याचे उत्तर कॅनर यांनीच शोधले. १९७१ साली त्यांनी मूळच्या ११ मुलांचा पुन्हा मागोवा घेतला. काहींचा ठावठिकाणाच लागला नाही. चौघांचे बहुतेक आयुष्य संस्थांत गेले होते. लहानपणी ही मुले हट्टी होती, एकांतासाठी झगडणारी होती, पण सतेज होती. त्यांची स्मरणशक्ती पाहून भेटणारे चकित होत. संस्थेत गेल्यावर अल्पावधीतच ते तेज मावळले. बुद्धिमापनाचे आकडेही खाली आले. शासकीय मनोरुग्णालयातील प्रवेश म्हणजे जवळजवळ जन्मठेपच, अशा आशयाचा निष्कर्ष कॅनर यांनी खेदाने नोंदवला आहे.

१०.
या ११ जणांत डोनाल्डखेरीज आणखी एकाची नोंद उजळ होती. कॅनर यांच्या यादीतील दुसरा क्रमांक, फ्रेडरिक. तो एका सरकारी कार्यालयात प्रती काढण्याचे यंत्र चालवीत असे. १९७० साली त्याच्या वरिष्ठांनी पत्रातून कळवले की कोणत्याही कसोटीवर हा कर्मचारी उत्कृष्ट आहे : भरवशाचा, काटेकोर, सहकाऱ्यांची काळजी घेणारा. म्हणजे एकाच निदानाची, एकाच तज्ज्ञाने तपासलेली मुले. काही बँकेत आणि कार्यालयात पोहोचली, काही संस्थेच्या भिंतीआड विझली. हा फरक केवळ स्वभावाचा किंवा बुद्धीचा नव्हता, याची साक्ष कॅनर यांच्याच नोंदी देतात.

११.
मग दैवाने मिळालेली ही संधी पद्धतशीरपणे सर्वांना देता येईल काय? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रश्नाला एकच ठरलेले उत्तर होते : संरक्षित कार्यशाळा. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेला जोडून अशी कार्यशाळा सुरू केली होती. अपंगांनी बाहेरच्या जगापासून वेगळ्या जागी बसून गाद्या, झाडू, टोपल्या करायच्या. हेतू चांगला होता. पुढे ही कल्पना देशोदेशी पसरली आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना, त्यांच्या बरोबरीने स्वमग्न प्रौढांनाही, लागू झाली.

१२.
१९३८ साली, म्हणजे डोनाल्ड बाल्टिमोरला गेला त्याच वर्षी, अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला. त्याच्या कलम १४ मध्ये एक पळवाट होती : अपंग कामगाराला परवान्यानिशी किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देता येईल. कार्यशाळा या कलमावर चालल्या. पाकिटे भरणे, खिळे वेगळे करणे, डबे चिकटवणे अशी कामे, नगावर मजुरी. 'तयारी झाली की बाहेर नोकरी' असे आश्वासन असे. पण तयारी कधी संपतच नसे. अनेकांचे केस त्याच बाकावर पांढरे झाले. ते कलम एकविसाव्या शतकातही केंद्रीय कायद्यात टिकून राहिले. काही राज्यांनी मात्र आपल्यापुरते ते बंद केले.

१३.
या समजुतीला पहिला जबर तडा दिला तो एका सायकलच्या ब्रेकने. इलिनॉय विद्यापीठातील मार्क गोल्ड हे पूर्वाश्रमीचे विशेष शिक्षक. मागे पेडल मारल्यावर लागणारा सायकलचा ब्रेक त्यांनी निवडला. १५ सुटे भाग नेमक्या क्रमाने, नेमक्या बाजूने बसवायचे. सामान्य माणसालाही पहिल्या प्रयत्नात न जमणारे हे काम त्यांनी कार्यशाळांतील, मध्यम ते तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना शिकवले. त्यासाठी त्यांनी कामाची बारीक फोड केली. प्रत्येक भागाची जी बाजू जोडणाऱ्याकडे यायला हवी, तिला रंग दिला. बोलून सूचना देणे कमीत कमी ठेवले.

१४.
निकाल १९७२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना 'शिकवण्यापलीकडचे' म्हणून खिळे वेगळे करायला बसवले होते, ते ब्रेक जोडू लागले. पुढे २४ भागांचा अधिक अवघड ब्रेकही. गोल्ड यांनी त्यातून काढलेला सिद्धांत साधा आणि अस्वस्थ करणारा होता. शिकणाऱ्याला जमत नसेल, तर शिकवणाऱ्याने दुसरी रीत शोधावी. अपयशाचा भार शिकणाऱ्यावर टाकू नये. हा प्रयोग स्वमग्न व्यक्तींपुरता नव्हता. परंतु क्रमबद्ध, दृश्य, कमी बोलून शिकवण्याची ही रीत स्वमग्न मनाला किती मानवते, हे लवकरच दुसरीकडे सिद्ध होणार होते.

१५.
दरम्यान स्वमग्न मुलांच्या आईवडिलांवर, विशेषतः आईवर, एक क्रूर आरोप होत होता : आईच्या थंडपणामुळे मूल असे झाले. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम या मताचे सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ते. एरिक शॉप्लर या जर्मनीत जन्मलेल्या, बालपणी नाझी राजवटीतून निसटलेल्या संशोधकाने हे मत फेटाळले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी पालकांनाच सहशिक्षक केले. १९७२ साली राज्य विधिमंडळाने त्यांचा कार्यक्रम राज्यभर लागू केला. 'टीच' या नावाने तो जगभर ओळखला गेला. चित्रमय वेळापत्रक, कामाची ठरलेली जागा, 'किती काम, केव्हा संपेल, पुढे काय' हे नजरेला दिसेल अशी मांडणी, ही त्याची अंगे.

१६.
शाळेतील मुले मोठी झाली आणि पालकांचा प्रश्न बदलला : आता पुढे काय? या सुमारास व्हर्जिनियात पॉल वेहमन आणि त्यांचे सहकारी जुना क्रम उलटा करीत होते. आधी प्रशिक्षण, मग नोकरी, ही रीत सोडून आधी खरी नोकरी, आणि प्रशिक्षण त्या नोकरीच्याच जागी. सोबत एक 'जॉब कोच'. तो काम समजावून घेतो, त्याची फोड करतो, खांद्याला खांदा लावून शिकवतो, सहकाऱ्यांशी दुवा सांधतो आणि हळूहळू मागे सरतो. या 'सहाय्यित रोजगारा'ची व्याख्या अमेरिकन कायद्यात १९८४ साली आली. १९८६ साली त्यासाठी निधीची तरतूद झाली.

१७.
१९८९ साली 'टीच'ने खास स्वमग्न प्रौढांसाठी सहाय्यित रोजगार सुरू केला. त्याचे तीन प्रकार होते. काहींना स्वतंत्र नोकरी आणि कोचचे तुरळक भेटणे पुरे. काहींसाठी एकाच आस्थापनेत वेगवेगळ्या विभागांत काही जण आणि तेथेच हजर असणारा एक कोच. ज्यांना सतत आधार लागे, त्यांच्यासाठी कोचसह फिरून काम करणारी छोटी तुकडी. सर्वांना एकच साचा न लावता आधाराचे प्रमाण माणसागणिक ठरवणे, हे त्यातील शहाणपण. मजुरी मात्र खऱ्या कामाची, खऱ्या बाजारातील.

१८.
प्रत्यक्ष कामाच्या जागी हे बदल फारसे खर्चिक नसत. 'जरा बघून घे' या सूचनेऐवजी लिहिलेली यादी. जेवणाच्या सुट्टीत कोठे बसायचे, हे आधीच ठरलेले. कर्कश यंत्राजवळची जागा बदललेली, किंवा कानांना आवाज रोखणारे साधन. दिवसाच्या क्रमात फरक होणार असेल तर आदल्या दिवशी पूर्वसूचना. गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे, त्या एका माणसाचे नाव. अनेक नोकऱ्या कौशल्याच्या अभावी जात नव्हत्या. न सांगितलेल्या अपेक्षांमुळे जात होत्या. कोच मुख्यतः या अपेक्षांना शब्द देत असे.

१९.
ही रीत खरोखर उपयोगी पडते का, हे तपासणेही आवश्यक होते. लंडनमध्ये 'नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी'ने १९९० च्या दशकात अशी सेवा सुरू केली. लिन मॉहूड आणि पॅट्रिशिया हाउलिन यांनी १९९९ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षांत सहाय्य मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्वमग्न प्रौढांना पगारी नोकरी लागली. सहाय्य न मिळालेल्या, तशाच क्षमतेच्या गटात हे प्रमाण एक-चतुर्थांशाच्या आसपास राहिले. दोन्ही गटांतील माणसे सारखी होती, फरक आधाराचा होता. कॅनर यांच्या नोंदींतून जे सूचित होत होते, ते आता मोजून दिसले.

२०.
१९९६ साली सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात एक साधी अडचण होती. तातडीच्या विभागातील कप्प्यांत सुया, पट्ट्या, नळ्या वेळेवर भरल्या जात नसत. त्या कामावर माणसे टिकत नसत. विभागाच्या प्रमुख परिचारिका एरिन रील यांच्या मनात प्रश्न आला : आपल्या रुग्णालयात विकासात्मक अपंगत्व असलेली मुले उपचारांना येतात, मग तीच मोठी झाल्यावर येथे नोकरीला का नसावीत? त्यातून 'प्रोजेक्ट सर्च' उभा राहिला. शाळेच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी वर्गाऐवजी रुग्णालयातच येतात आणि वर्षभरात तीन वेगवेगळ्या विभागांत, प्रत्येकी सुमारे दहा आठवडे, काम शिकतात. मराठीत याला जुना शब्द आहे : उमेदवारी.

२१.
वेहमन यांनी ही उमेदवारी खास स्वमग्न तरुणांसाठी जुळवून घेतली आणि व्हर्जिनियातील रुग्णालयांत तिची काटेकोर चाचणी केली. कोणाला कोणत्या गटात घालायचे, ते यादृच्छिक पद्धतीने ठरले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उमेदवारी केलेल्या २४ पैकी २१ जणांना नोकरी मिळाली. नेहमीच्या शालेय सेवांवर राहिलेल्या १६ जणांपैकी केवळ एकाला. संख्या लहान आहे, हे खरे. पण एवढी मोठी तफावत सामाजिक प्रयोगांत क्वचितच दिसते. 'ही मुले नोकरीयोग्य नाहीत' या वाक्यातील 'योग्यता' घडवता येते, आणि ती कामाच्या जागीच घडते, याचा तो पुरावा होता.

२२.
युरोपात दुसरी धारा उगम पावली. डेन्मार्कमधील थॉर्किल सोन हे दूरसंचार क्षेत्रातील तांत्रिक अधिकारी. त्यांच्या लहान मुलाला स्वमग्नतेचे निदान झाले. एकदा मुलाने काढलेले चौकोन नि आकडे त्यांना अनाकलनीय वाटले. नंतर कळले की ती युरोपच्या रस्त्यांच्या नकाशापुस्तकातील सूची होती, स्मरणातून जशीच्या तशी उतरवलेली. २००४ साली, घर गहाण टाकून, त्यांनी 'स्पेशालिस्टर्न', म्हणजे 'विशेषज्ञ', ही कंपनी काढली. सॉफ्टवेअर तपासण्याचे, चुका हुडकण्याचे काम तेथे स्वमग्न कर्मचारी करू लागले. मुलाखत रद्द झाली. उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव जुळवायला दिले जात आणि त्यांची कामाची रीत पाहिली जाई.

२३.
कंपनीचे चिन्ह होते डँडेलियनचे फूल. हिरवळीच्या मालकाला ते तण वाटते, जाणकाराला औषधी. आपल्याकडील बांधावरच्या आघाड्याचेही तसेच. २०१३ साली जर्मनीच्या 'सॅप' कंपनीने 'स्पेशालिस्टर्न'शी हातमिळवणी करून जाहीर केले की २०२० पर्यंत आपल्या मनुष्यबळात एक टक्का स्वमग्न कर्मचारी असतील. त्याआधीच तिच्या बंगळुरूच्या केंद्रात सहा स्वमग्न व्यक्ती सॉफ्टवेअर तपासनीस म्हणून रुजू झाल्या होत्या. एक टक्क्याचे उद्दिष्ट मुदतीत गाठले गेले नाही. तरीही भरतीची रीत बदलता येते, हे मोठ्या उद्योगांना यातून दिसले.

२४.
या धारेत एक धोकाही दडला होता. स्वमग्न व्यक्ती म्हणजे गणिती चमत्कार, अशी नवी समजूत पसरू लागली. वास्तवात अनेकांना संगणकात रस नसतो. काही बोलू शकत नाहीत. काहींना बौद्धिक अपंगत्वही असते. बागकाम, बेकरी, ग्रंथालय, छपाई, गोदाम, रुग्णालयातील साहित्यव्यवस्था, या सर्वांत त्यांची जागा आहे. 'तुम्ही विलक्षण आहात म्हणून नोकरी' ही अट 'तुम्ही सामान्य दिसत नाही म्हणून नकार' या अटीचीच दुसरी बाजू ठरते. फ्रेडरिक प्रती काढण्याचे यंत्र चालवी. त्यात चमत्कार नव्हता, नेमकेपणा होता.

२५.
भारतात हा प्रश्न कायद्याच्या अंगाने पुढे सरकला. १९९१ साली मेरी बरुआ यांनी दिल्लीत 'अॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभारली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व नोंदले गेले, त्यात स्वमग्नता नव्हती. म्हणून नोकरीतील तीन टक्के आरक्षणही स्वमग्न व्यक्तींना नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेला प्रथम नाव दिले. पण तो कायदा मुख्यतः पालकत्वाचा आणि सांभाळाचा होता. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारास मान्यता दिली. त्याच्या कलम २७ मध्ये खुल्या, समावेशक बाजारात काम करण्याचा हक्क आहे.

२६.
त्या करारातून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार २१ झाले आणि स्वमग्नता त्यांत आली. कलम १९ मध्ये व्यवसाय प्रशिक्षण, कलम २० मध्ये कामाच्या जागी भेदभावास मनाई आणि वाजवी सोयी, कलम ३४ मध्ये शासकीय नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण. त्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून. १९९५ साली ज्यांचे नावही नव्हते, त्यांचा हक्क एकवीस वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात लिहिला गेला.

२७.
परंतु इतिहास सांगतो की हक्क आणि पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत पद्धत आधी आली. भारतात हक्क आधी आला आणि पद्धत मागून येत आहे. राखीव जागेपर्यंतची वाट आजही बहुधा परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या दारातूनच जाते, आणि स्वमग्न उमेदवार नेमका त्याच दारात अडखळतो. कोचचा पगार कोणी द्यावा, उमेदवारीची जागा कोणी द्यावी, यांची उत्तरे कायद्याच्या कलमात आपोआप सापडत नाहीत. ती एखाद्या विभागप्रमुखाला, रील यांच्याप्रमाणे, आपल्या रिकाम्या कप्प्यांकडे पाहून शोधावी लागतात.

२८.
महाराष्ट्रातील अनेक घरांत आज हा प्रश्न रोज उभा राहतो. मूल विशेष शाळेत असते तोवर दिवसाला आकार असतो. अठराव्या वर्षी शाळा संपते आणि तरुण मुलगा किंवा मुलगी घराच्या खिडकीशी येऊन बसते. आईवडिलांच्या मनातील 'आमच्यानंतर काय' या चिंतेत सांभाळाइतकाच कामाचाही प्रश्न असतो. काम म्हणजे पगार, आणि त्याच्याबरोबर उठण्याची वेळ, ओळखीची माणसे, आपल्यावाचून अडणारे एखादे काम. संस्थेत गेलेल्या त्या चौघांना नेमके हेच कधी मिळाले नाही.

२९.
डोनाल्ड ट्रिपलेट यांचे १५ जून २०२३ रोजी फॉरेस्ट येथे वयाच्या ८९ व्या वर्षी निधन झाले. जगातील पहिल्या निदान झालेल्या स्वमग्न व्यक्तीच्या निधनाची बातमी जगभरच्या वृत्तपत्रांनी दिली. गावातील लोकांना मात्र ते 'पहिला रुग्ण' म्हणून ठाऊक नव्हते. बँकेतील डॉन म्हणून ठाऊक होते. त्यांच्यासाठी आजोबांची बँक होती. ज्यांच्या आजोबांची बँक नाही, त्यांच्यासाठी ब्रेकचे रंगवलेले भाग, भिंतीवरचे चित्रमय वेळापत्रक, शेजारी उभा राहणारा कोच आणि २०१६ चा कायदा आहे. कुळाच्या त्या शेतात मोजण्याच्या नादाला नांगर देणारी माणसे होती. आता ती प्रत्येक कार्यालयात, कारखान्यात आणि रुग्णालयात लागणार आहेत.